पाठीखालचा हात

३ जानेवारी, शनिवार

सेक्रेटरींनी आज क्लबातल्या सगळ्या मार्गदर्शकांना एकेक निळी वही दिली आणि उमेदवारांच्या प्रगतीची रोज नोंद ठेवायला सांगितलं. सगळ्या मार्गदर्शकांना म्हणजे मला आणि डायव्हिंगच्या सरांना. तिसरं कोणी नाहीच. प्रगतीसाठी छापील फॉर्म आहेत, तिथे काय ते लिहीन. ही वही मी घरी आणली आहे. कोणाला दाखवायचं नाही ते हिच्यात लिहिणार.

सव्वीस वर्षं लोकांना पोहायला शिकवल्यावर आता मला शिकवणाऱ्यांना शिकवायचं आहे. येणारे वाढले, शिक्षक पुरेनात, म्हणून स्वयंसेवक तयार करायचे असा ठराव झाला. सहा जण आले. त्यातले पाच मला चालतील. सहावी टेलरबाई.

कोपऱ्यावर तिचं दुकान आहे, कपडे सैल-घट्ट करून देते. पाच वर्षांपूर्वी, एक्केचाळीस वर्षांची असताना, ती माझ्याकडे शिकायला आली तेव्हा तीन आठवडे कडेची दांडी सोडत नव्हती. आज जे काय पोहते ते सगळं मी दिलेलं. ती आज पहिल्या रांगेत बसली होती, कॉलरला दोन टाचण्या तशाच टोचलेल्या.

मी आधार कसा सोडायचा ते सांगत होते. पाठीखाली हात ठेवायचा, "धरलंय, धरलंय" म्हणत राहायचं, हात हळूहळू हलका करायचा आणि त्यांना कळू न देता काढून घ्यायचा. चार-पाच हात मारून झाले की सांगायचं, बघ, एकटी आलीस. यातच शिक्षकाचं कसब आहे. हजारो लोक मी असेच तरंगवले आहेत.

टेलरबाईने हात वर केला. "मॅडम, हात काढताना त्यांना सांगायचं नाही का?"

"सांगितलंत तर दगडासारखी खाली जाईल," मी म्हटलं. सगळे हसले. तीही हसली. मग तिने माझं वाक्य लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला उलट्या बाजूनेही दिसलं.

१० जानेवारी, शनिवार

आज पाण्यातला सराव. उमेदवारांनी एकमेकांचे विद्यार्थी व्हायचं. नर्सबाई टेलरबाईच्या वाट्याला आली. टेलरबाई तिला म्हणते, "पाठीला डावा हात लावतेय हं. आता मानेखाली उजवा." आणि मग लावते. नर्सबाईने डोळे मिटले आणि अशी पसरली की जणू घरच्या गादीवर आहे.

नंतर नर्सबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, किती बरं वाटलं! तुमचा हात काय हलका आहे!"

टेलरबाई म्हणाली, "मापं घेऊन घेऊन सवय झालीय. माणसाला न सांगता हात लावला की अंग चोरतं आणि माप चुकतं."

मी म्हटलं, "इथे आपण कपडे शिवत नाही." जरा तोडूनच बोलले. पण सव्वीस वर्षांत माझा हात हलका आहे असं मला कोणी म्हटलेलं नाही. खमका आहे म्हणतात. खमका हात काय कमी असतो?

घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू त्या बाईला पाण्यात पाहतेस." आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. आमच्या ह्यांना वर्षाकाठी एक विनोद सुचतो. यंदाचा जानेवारीतच संपला, बरं झालं.

१८ जानेवारी, रविवार

सराव-बॅचेस वाटून झाल्या. ज्यांना पाण्याची धास्ती आहे अशा बायकांची एक बॅच रविवारी सकाळी साडेसहाला, पलीकडच्या शाळेतल्या छोट्या तलावावर सुरू होणार आहे. ती टेलरबाईने मागून घेतली. मी हरकत घेतली नाही, उलट खूश झाले. असल्या बायकांना शिकवणं म्हणजे ओल्या मांजराला आंघोळ घालणं. चार आठवड्यांत पळून जातील. त्या वेळी मी इकडे मोठ्या तलावावर स्पर्धेच्या मुलांना घेते, त्यामुळे तिचं तोंड बघायलाही नको.

सेक्रेटरींनी जाता जाता सांगितलं की एप्रिलपासून प्रौढ नवशिक्यांचा वेगळा विभाग निघणार आणि त्याला एक प्रमुख नेमणार. "सुरुवातीची बॅच कोण कशी सांभाळतंय ते बघू," असं म्हणाले. बघायचं काय आहे? क्लबात प्रौढांना शिकवणारी मीच.

संध्याकाळी लेक नातीला घेऊन आली. नात चार वर्षांची झाली. मी म्हटलं, उद्यापासून तिला तलावावर नेते. लेक म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू, आई."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालीस. तुझ्यासारखी भित्री करायचीय का तिला?"

ती कप विसळायला उठली.

माझी लेक पोहत नाही. हे लिहायला लाज वाटते. ती सात वर्षांची असताना मी तिला खोल बाजूला नेलं होतं. उथळ बाजूला छान तरंगायची, म्हणून. "धरलंय" म्हणत म्हणत हात सोडला. दोनदा खाली गेली, पण कडेला आपली आपण पोचली! मी टाळ्या वाजवल्या. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हातून सुटलेली एकच विद्यार्थिनी, आणि ती घरातली.

१ फेब्रुवारी, रविवार

लेकीने कसलासा व्यायामाचा वर्ग लावला आहे. जावयांची रविवारीही पाळी असते, म्हणून सकाळी सहाला नातीला आमच्याकडे सोडते. मी तलावावरून परत येईपर्यंत ती येऊन चहा घेत बसलेली असते. आज केस ओले होते. घरचा गीझर बिघडलाय, म्हणून इथेच न्हाले म्हणाली. मी म्हटलं, मग जावयांना सांगून दुरुस्त करून घ्या की. हे पेपरात तोंड खुपसून बसले होते. डोळेही लाल दिसले तिचे. जावयांशी काही बिनसलंय का? विचारलं तर म्हणाली, "काही नाही ग," आणि हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या मंगळवारच्या प्रौढ बॅचला आज चार जणी. शाळेच्या मुख्याध्यापिका महिनाभर येत होत्या, त्या आल्या नाहीत. बाहेर भेटल्या तेव्हा ओशाळून म्हणाल्या, "मॅडम, मी रविवारच्या बॅचला नाव घातलंय. तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण तिकडे हात कधी सुटणार ते आधी माहीत असतं."

मी म्हटलं, "छान, छान."

माझा तिळपापड झाला. टेलरबाईच्या बॅचला अकरा जणी आहेत आणि सतरा जणींची नावं प्रतीक्षायादीत. प्रतीक्षायादी! पोहायला! आणि तिची स्वतःची पायाची कात्री अजून वाकडी आहे. पाठीवर पोहताना डावा हात आत येतो. स्पर्धेच्या मुलांनी पाहिलं तर हसतील. एवढं अर्धवट येणाऱ्या बाईकडे लोक रांग लावतात आणि माझ्या भिंतीवर नऊ पदकं लटकली आहेत त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही.

लेकीकडे मी माझ्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन पाठवला होता. तो म्हणतो गीझर ठणठणीत आहे. अलीकडे कारागिरांना काही येतच नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पोशाखाचा पट्टा उसवला होता. घरी दोन टाक्यांत झाला असता, पण म्हटलं बघू तरी काय चाललंय, म्हणून टेलरबाईच्या दुकानात गेले.

कापड कापायच्या टेबलावर पाण्याने भरलेलं घमेलं, आणि त्यात एक जाडजूड बाई तोंड घालून बुडबुडे काढत होती. टेलरबाई शेजारी काजं करता करता मोजत होती. "पाच. छान. वर या, पुसा तोंड."

मला बघून उठली. खुर्ची दिली. त्या बाईला म्हणाली, "ह्या माझ्या मॅडम. हे घमेल्याचं ह्यांनीच शिकवलं मला. मी तीन आठवडे दांडी सोडत नव्हते ना, तेव्हा म्हणाल्या, बाई, आधी घरी घमेल्यात तोंड घालून या."

मी असं कधी म्हटलं होतं? म्हटलंही असेल. वैतागून म्हटलं असेल. ती ते पाच वर्षं जपून बसली आहे आणि आता लोकांसमोर माझ्यावर उपकाराची शाल पांघरते. मला तिचा हा नम्रपणाच खुपतो. उर्मट असती तर किती सोयीचं झालं असतं.

पट्टा शिवून हातात दिला आणि विचारलं, "मॅडम, एका रविवारी येऊन बघाल का? मी कुठे चुकते ते तुम्हीच सांगू शकाल."

मी म्हटलं, "एक मार्चला मूल्यमापनाला येणारच आहे."

तिचा चेहरा जरा उतरला. "एक मार्चला होय," म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली. घाबरली. घाबरू दे.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेक आज चहा घेताना गुणगुणत होती. लग्नाआधी गुणगुणायची तशी. मी स्वयंपाकघरात आले तशी थांबली. तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि दोघं हसली. काय म्हणून विचारलं तर हे म्हणतात, "काही नाही, बापलेकीचं आहे." असू दे. मला बाहेरचे ताप कमी नाहीत.

पुढच्या रविवारी येणार का विचारलं, कारण मूल्यमापनामुळे मला परतायला उशीर होणार. लेक म्हणाली, "पुढच्या रविवारी वर्गाला सुट्टी आहे, आई."

१ मार्च, रविवार

मूल्यमापन झालं. मुलांना डायव्हिंगच्या सरांवर सोपवून शाळेच्या तलावावर गेले. पाटीला फॉर्म लावून कडेला उभी राहिले.

अकरापैकी दहा हजर. "एक जण आज येऊ शकली नाही," टेलरबाई खाली बघत म्हणाली. मी लगेच लिहिलं: हजेरीवर नियंत्रण नाही.

मग मुद्दा सातवा: आधार टप्प्याटप्प्याने काढून घेणे. मुख्याध्यापिकाच होत्या. टेलरबाई पाण्यात त्यांच्याशेजारी उभी, पाठीखाली हात. म्हणाली, "मी तीन म्हणेन तेव्हा हात काढणार. नको असेल तर नुसती मान हलवा, मी काढणार नाही." एक, दोन, मुख्याध्यापिकांनी मान हलवली. टेलरबाई म्हणाली, "बरं." पुन्हा एक, दोन, पुन्हा मान. असं सात वेळा. मी घड्याळ बघत होते, अकरा मिनिटं गेली. माझ्या पद्धतीने अकरा मिनिटांत मी तिघींना तरंगवलं असतं. बाकीच्या नऊ जणी दांडीला धरून बघत होत्या, कोणी कुजबुजलंसुद्धा नाही. आठव्यांदा मान हलली नाही. तीन झाले. हात निघाला. बाई तरंगत राहिल्या. डोळे उघडे होते. छताकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलं. निघाला तेव्हा कळलं मला."

मी घड्याळ बघायचं विसरले. हे मी इथे लिहिते. फॉर्मवर लिहिलं ते असं: "उमेदवार आधार काढण्यास कचरते. शिकणाऱ्यांना परावलंबी ठेवते. वेळेचे भान नाही, एकीला अकरा मिनिटे लावली. आणखी सहा महिने सहायक म्हणून काम करावे, तोवर स्वतंत्र बॅच देऊ नये."

एकही वाक्य खोटं आहे असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. दोनदा वाचून सही केली.

५ मार्च, गुरुवार

समितीने माझा शेरा मान्य केला. रविवारची बॅच बंद. त्या बायकांना मंगळवारी माझ्याकडे यायला सांगितलं आहे. सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्यासारखी अनुभवी व्यक्ती म्हणते म्हटल्यावर प्रश्नच नाही." विभागाचं प्रमुखपदही आता जवळजवळ माझंच. घरी येताना मी चक्क शीळ घालत होते.

संध्याकाळी टेलरबाई शिट्टी आणि शाळेच्या किल्ल्या परत करायला आली. मला वाटलं रडेल, भांडेल. मी तयारीत होते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला दिसलं तेच तुम्ही लिहिलं असणार. सहा महिन्यांत काय सुधारू तेवढं सांगा."

मी म्हटलं, "वेळेकडे लक्ष द्या." तिने ते लिहून घेतलं. या वेळी प्रश्नचिन्ह काढलं नाही. मला त्याचाच राग आला.

१० मार्च, मंगळवार

अकराजणींपैकी माझ्याकडे एकही आली नाही.

१५ मार्च, रविवार

लेक सलग तीन रविवार आलेली नाही. फोन केला तर म्हणाली, वर्ग बंद पडला. "दुसरा लाव," मी म्हटलं, "गावात काय एकच वर्ग आहे?" म्हणाली, "ठेवते, आई. भाजी लागेल." एवढ्या सकाळी कसली भाजी?

हे माझ्याशी आठवडाभर कामापुरतं बोलतात. विचारलं तर म्हणतात, "तुला कळेल." काय कळेल? घरात सगळ्यांना झालंय तरी काय!

१६ मार्च, सोमवार

बंद झालेल्या बॅचची फाइल मार्गदर्शकाने तपासून कपाटात ठेवायची असते. दुपारी ऑफिसात ती घेऊन बसले.

टेलरबाईने क्लबचा नावनोंदणीचा फॉर्म वापरला होता, पण खाली हाताने दोन रकाने वाढवले होते: कशाची भीती वाटते, आणि पोहायला का शिकायचं आहे. मी लाल पेन काढलं. परवानगीशिवाय फॉर्म बदलला, हे लिहिणार होते. एकेक वाचत गेले. कोणी लिहिलंय, कानात पाणी. कोणी, लोक हसतील. मुख्याध्यापिकांनी लिहिलंय, तळ दिसत नाही.

अकरावा फॉर्म. अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, तिथे ह्यांचा नंबर. आधी वाटलं मीच चुकून भलतं वाचतेय. वर बघितलं. माझ्या लेकीचं नाव, सासरच्या आडनावासकट, तिच्या त्या तिरक्या अक्षरात.

हजेरी: सगळे रविवार हजर. गैरहजर एकच दिवस, एक मार्च.

कशाची भीती वाटते: न सांगता हात सुटण्याची.

पोहायला का शिकायचं आहे: माझी आई माझ्या मुलीला पोहायला शिकवेल तेव्हा मला पाण्यात तिच्याजवळ उभं राहता आलं पाहिजे.

ऑफिसातला शिपाई दोनदा विचारून गेला, मॅडम, दिवे घालवू का. लाल पेनाचं टोपण अजून उघडंच होतं.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी ह्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

हे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "सांगितलं असतं तर तू तिकडे गेली असतीस."

"गेले असते तर काय झालं असतं?"

"तू तिला शिकवायला लागली असतीस."

मग तोंड पुसून माझ्याकडे वळले. "पाच रविवार गेली ती. पाचव्या रविवारी घरी येऊन मला म्हणाली, बाबा, मी तरंगले. माझा हात धरून रडली. तुला सांगायचं होतं तिला, पण तलाव आडवा पार करून झाल्यावर. आईला अर्धवट दाखवायचं नाही म्हणाली."

तो पाचवा रविवार बावीस फेब्रुवारीचा. ती गुणगुणत होती तो. तिच्या एवढ्या जवळ बसून मी चहा पीत होते. मला आनंद व्हायला हवा होता. खरं लिहायचं तर पहिला विचार असा आला की ती त्या बाईच्या हातावर तरंगली. माझ्या नाही. राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना, कारण बॅच मीच बंद केली आहे.

१८ मार्च, बुधवार

टेलरबाईच्या दुकानात गेले. ती एकटीच होती, पँटची शिवण उसवत होती.

"तुम्हाला माहीत होतं ती माझी मुलगी आहे."

"हो, मॅडम."

"मग मूल्यमापनाच्या दिवशी बोलला का नाहीत? एवढं सांगितलं असतंत तर मी..." तर मी काय केलं असतं? पास केलं असतं? की आणखी वाईट शेरा मारला असता?

ती म्हणाली, "म्हणूनच नाही बोलले. तुमच्या मुलीच्या नावावर पास व्हायचं नव्हतं मला. आणि तिला शब्द दिला होता."

"ती तुमच्याकडे का आली? मी आहे ना?"

टेलरबाईने कात्री खाली ठेवली. मला वाटतं पहिल्यांदाच ती माझ्यावर चिडली होती. "मॅडम, ते मी कसं सांगणार? ते तुम्ही तिला विचारा. पण एवढं सांगते, पहिल्या दिवशी तिने बावीस वेळा मान हलवली. तुम्ही माझी अकरा मिनिटं मोजलीत. तिचा मी अख्खा तास घालवला, आणि हात काढलाच नाही. तुमच्या फॉर्मवर तो दिवस वाया गेलेलाच ठरला असता."

मग तिनेच पाणी आणून दिलं. पाणीसुद्धा चांगलं देते ही बाई.

२० मार्च, शुक्रवार

समितीला पत्र लिहिलं. चार खर्डे झाले. पहिल्यात माझी चूक एका ओळीत होती आणि तिचा डावा हात कसा आत येतो ते तीन ओळींत. दुसऱ्यात "तथापि" दोनदा आलं. चौथ्यात एवढंच राहिलं: मुद्दा सातवा मी मत्सरापोटी चुकीचा भरला. उमेदवाराने आधार योग्य रीतीने काढला. माझी पद्धत तिच्यापेक्षा वेगळी आहे, आणि तिची अधिक बरी आहे.

शेवटचे चार शब्द लिहायला पाऊण तास लागला.

सेक्रेटरी वाचून म्हणाले, "'मत्सरापोटी' शब्द काढूया का? कागदावर बरं दिसत नाही." मी म्हटलं, राहू दे. मनात म्हटलं, काढलात तरी चालेल. त्यांनी काढला नाही.

२४ मार्च, मंगळवार

माझ्या शेऱ्यावर मीच फेरशेरा मारू शकत नाही असा नियम निघाला, म्हणून डायव्हिंगच्या सरांनी तिचं मूल्यमापन केलं. पंधरा मिनिटांत. "उत्कृष्ट" लिहिलं. त्या माणसाने आजवर मला हवामानाबद्दलसुद्धा "उत्कृष्ट" म्हटलेलं नाही. रविवारची बॅच पुन्हा सुरू. विभागाची प्रमुख टेलरबाई, हेही ठरलं. अभिनंदन करायला गेले. हात पुढे केला. तिने दोन्ही हातांत घेतला. खरंच हलका आहे.

२९ मार्च, रविवार

लेकीकडे गेले. जावई कामावर, नात शेजारी खेळायला. मी दारातच म्हटलं, "फॉर्म वाचला मी तुझा."

ती भांडी लावत होती. लावत राहिली. "कळलं बाबांकडून."

बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं विसरले. म्हटलं, "तेव्हा सगळे तसंच शिकवायचे ग. मीही तशीच शिकले. माझ्या वडलांनी मला विहिरीत ढकललं होतं."

"माहितेय, आई. तू हे दरवेळी सांगतेस. आणि दरवेळी हसतेस."

मी हसत नव्हते. निदान मला तरी वाटलं नव्हतं मी हसतेय.

"चुकलं माझं," मी म्हटलं. आजवर तिला कधी म्हटलं नव्हतं. तिने हातातला पेला खाली ठेवला आणि चहा टाकला. आम्ही दोघींनी तो उभ्यानेच प्यायला.

निघताना विचारलं, "पुढच्या रविवारी तू आडवी पोहणार म्हणे. मुलांच्या परीक्षा आहेत, मी मोकळीच आहे. येऊ बघायला? लांब बसेन. तोंड उघडणार नाही."

तिने मान हलवली. नको म्हणून.

"राग नाही ग, आई," म्हणाली. "पण तू काठावर दिसलीस की माझे पाय जड होतात. अजून नको."

मी "बरं" म्हटलं. जिना उतरताना कळलं की हा शब्द मी आयुष्यात फार थोड्या वेळा वापरला आहे.

५ एप्रिल, रविवार

सकाळी सहाला हे नातीला घेऊन गेले. दोघांना बोलावणं होतं. मी कपाट आवरलं. धुतलेले टॉवेल पुन्हा धुतले. साडेसहा वाजले तेव्हा म्हटलं, आता उतरली असेल. सातला म्हटलं, आता टेलरबाई मोजत असेल. त्या क्षणी मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की हातातला पिळलेला टॉवेल मी पुन्हा बादलीत टाकला. पदकांचा नाही, प्रमुखपदाचा नाही. ती आत्ता जिथे उभी असेल त्या जागेचा.

साडेआठला परत आले. हे चपला काढता काढता म्हणाले, "गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये एकदा थांबली, पण दांडी नाही धरली."

"श्वास कुठल्या बाजूला घेत होती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग मीच म्हटलं, "जाऊ दे."

नात माझ्या मांडीवर चढून बसली. तिच्या फ्रॉकवर पाणी उडालं होतं. म्हणाली, "आजी, आई पाण्यात खूप हसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू का नाही आलीस?"

मी म्हटलं, "मला काम होतं ग."

"कसलं?"

मी तिला टॉवेल दाखवले.